पाडव्याला विसार देऊ नका

सप्रेम नमस्कार.

आम्ही ठाण्यात राहतो. मी शाळेतून निवृत्त होऊन चार वर्षं झाली, यजमान मागच्या वर्षी बँकेतून निवृत्त झाले. मुलगा आणि सून जर्मनीत असतात. यजमानांचं माथेरानवर लहानपणापासून प्रेम. दिवाळीनंतर आम्ही तिथे एक बंगला पाहिला आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही.

बंगला 1880 च्या सुमाराचा आहे असं दलाल सांगतात. तीन भावंडं मालक आहेत. दोघे भाऊ मुंबईत, बहीण परदेशात. बरीच वर्षं तो बंद होता. गेल्या वर्षी मार्च ते मे अशा तीन महिन्यांत त्याचा 'संपूर्ण जीर्णोद्धार' केला, असं जाहिरातीत म्हटलंय. आणि खरंच देखणा आहे हो. लांबलचक व्हरांडा, सागवानी खांब, नक्षीच्या टाइल्स, पितळी कड्या, पांढऱ्याशुभ्र भिंती. आत नवं स्वयंपाकघर, तीन नवी न्हाणीघरं, सगळ्या खोल्यांना फॉल्स सीलिंग. मागच्या एका खोलीत राखणदार आणि त्यांचं कुटुंब वर्षानुवर्षं राहतंय. जमीन सरकारी भाडेपट्ट्याची आहे, पण 'माथेरानात सगळ्यांचं तसंच असतं, काळजी करू नका' असं आम्हाला सांगितलं.

ठाण्यात आमचे दोन फ्लॅट आहेत. त्यातला एक विकून हा बंगला घ्यायचा, वर्षातले आठ-नऊ महिने तिथेच राहायचं, दोन खोल्या पर्यटकांना द्यायच्या, असा यजमानांचा बेत आहे. दुसरं गिऱ्हाईक तयार आहे, तेव्हा पाडव्याच्या मुहूर्तावर दहा लाख विसार द्या, असा तगादा लागलाय. घर मलाही आवडलंय, पण रात्री झोप लागत नाही. काही बोलायला गेलं की हे म्हणतात, तुला प्रत्येक गोष्टीत धोकाच दिसतो. माझे गुडघे दुखतात, तेही आहेच. काय करू?

— एक वाचक, ठाणे

ताई,

पाडव्याला विसार देऊ नका. घराचा नाद सोडा असंही मी म्हणत नाही. मालकांना विचारा, की येत्या जूनपासून सप्टेंबरअखेरपर्यंत हे घर आम्हाला भाड्याने द्याल का? रीतसर करार करू, भाडं आगाऊ देऊ. त्या चार महिन्यांत कागद वकिलाकडे जातील, छप्पर आणि भिंती जाणकार पाहील आणि तुम्ही दोघं तिथे राहाल. मग दसऱ्याला काय ते ठरवा. माथेरानची बरीच हॉटेलं आणि बंगले पावसाळ्यात बंदच असतात, त्यामुळे मालकांचं यात काही नुकसान नाही. इतक्या साध्या विनंतीला ते तयार झाले नाहीत, तर त्यातूनही तुम्हाला बरंच कळेल.

असं घर विकायला निघतं तेव्हा मला आधी बरं वाटतं, ते का ते सांगते. जुन्या घरांच्या दुरुस्तीच्या कामात माझी उमेदीची वर्षं गेली. ठाण्याचे कलेक्टर मॅलेट 1850 साली या डोंगरावर चढले, पुढे गव्हर्नर एल्फिन्स्टन यांनी तिथे बंगला बांधला आणि मुंबईच्या गोऱ्या अधिकाऱ्यांचं आणि मग पारशी, गुजराती, बोहरी कुटुंबांचं ते उन्हाळ्याचं गाव झालं. नेरळहून वर येणारी छोटी रेल्वे आली 1907 साली. म्हणजे त्याआधीच्या बंगल्यांसाठी लागणारं लाकूड, कौलं, चुना, बिजागऱ्या, सगळं माणसांच्या डोक्यावरून आणि जनावरांच्या पाठीवरून वर गेलेलं आहे. दगड मात्र डोंगरानेच दिला, लाल जांभा. आज त्यातले कितीतरी बंगले वारसांचं एकमेकांत पटत नाही म्हणून कुलूपबंद आहेत. आधी कौलं सरकतात, मग वासे बसतात, मग व्हरांड्यातून झाडं उगवतात. तुम्ही पाहिलेल्या घरासाठी तीन भावंडं एकत्र आली, त्यांनी पैसे घातले आणि घर उभं ठेवलं, याचा मान ठेवूनच पुढचं सगळं विचारायचं आहे.

तुमच्या पत्रात एक गोष्ट मला खटकली, ती म्हणजे 'मार्च ते मे, तीन महिन्यांत'.

त्या काळातल्या जांभ्याच्या भिंती बहुधा चुन्यात बांधलेल्या असतात आणि त्यांच्यावर चुन्याचाच गिलावा असतो. चुन्याच्या कामाला घाई चालत नाही. कळीचा चुना पाण्यात भिजवून मुरू द्यायचा, मग वाळूबरोबर चुन्याच्या घाणीत, म्हणजे दगडी चाकाखाली, रगडायचा. जुने गवंडी त्यात गुळाचं पाणी, बेलफळाचा गर, हिरडा, मेथी घालत. प्रत्येकाची कृती वेगळी. गिलाव्याचे थर एकावर एक चढवायचे, दोन थरांमध्ये दिवस सोडायचे, ओल टिकवायची, ऊन थेट लागू द्यायचं नाही. चुना हवेतला कार्बन डाय-ऑक्साइड घेऊन हळूहळू पुन्हा दगडासारखा होतो आणि हे काम महिनोन् महिने चालू राहतं. एवढा मोठा, वर्षानुवर्षं बंद असलेला बंगला छपरापासून जोत्यापर्यंत चुन्यात नीट करायला माथेरानात दोन हंगाम तरी लागावेत असं माझं मत आहे. हंगाम म्हणजे दिवाळी ते मे. तीन महिन्यांत जे होतं ते बहुतेक वेळा सिमेंटचा गिलावा, त्यावर पुट्टी आणि प्लॅस्टिक रंग. फोटोत ते फार छान दिसतं.

सिमेंटशी माझं वैर नाही. नव्या न्हाणीघरात ते असायलाच हवं. पण जांभ्याच्या जुन्या भिंतीवर ते घातक ठरतं. जांभा सच्छिद्र असतो, पावसाळ्यात पाणी पितो. बाहेरून आणि आतून चुना असेल तर ते पाणी ऑक्टोबरपासून हळूहळू उडून जातं आणि फेब्रुवारीपर्यंत भिंत कोरडी होते. वरून सिमेंट आणि प्लॅस्टिक रंगाचं कवच चढवलं, की आत शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट राहत नाही. पाणी मात्र शिरतच राहतं, खिडकीच्या चौकटीच्या फटीतून, जोत्यातून, वळचणीतून. मग दीड-दोन वर्षांत जमिनीपासून कमरेपर्यंत पोपडे धरतात, लोणा फुटतो, म्हणजे क्षारांची पांढरी भुकटी बाहेर येते, रंगाचे फुगे येतात. तेवढ्यावर भागलं तर खर्च रंगाचा. खरं नुकसान डोळ्यांना दिसत नाही. तुळयांची टोकं भिंतीत बसवलेली असतात, ती सतत ओली राहून आतल्या आत कुजतात. खोलीच्या मधोमध तुळई ठणठणीत दिसते आणि भिंतीतलं तिचं टोक हाताने कुस्करता येतं. हे मी पाहिलेलं आहे आणि ते दुरुस्त करायला काय पडतं हेही.

तुमच्या घरात काय केलंय हे कसं कळेल? मालकांची परवानगी घेऊन विजेच्या बटणांचा एखादा जुना बोर्ड इलेक्ट्रिशियनकडून उघडून घ्या. त्या खोबणीच्या कडेला गिलाव्याचा छेद दिसतो. पांढरट, किल्लीने ओरखडलं तर भुगा पडणारा असेल तर चुना; करडा आणि टणक असेल तर सिमेंट. भिंतीवर बोटांच्या पेरांनी टकटक करत चाला. जिथे पोकळ आवाज येईल तिथे गिलावा दगडापासून सुटलेला आहे. कामाची बिलं मागा. गवंडी कोण होते, चुना कुठून आणला, किती आणला? ज्याने मनापासून काम करून घेतलं आहे तो या प्रश्नांनी खूश होतो, काम चालू असतानाचे फोटो काढून दाखवतो, गवंड्याचा फोन नंबर देतो.

दुसरी शंका फॉल्स सीलिंगची. जुन्या घराचं आयुष्य छपरावर अवलंबून असतं आणि नेमकं तेच या घरात झाकलेलं आहे. झाकण्यामागे वाईट हेतू असेलच असं नाही. कौलांतून कचरा पडतो, माकडं दणादणा उड्या मारतात, थंडी वाजते, म्हणूनही लोक ते बसवतात. पण ते उघडून आत टॉर्च मारल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका. कुठल्या तरी दोन कोपऱ्यांत तक्ते काढायला सांगा, एक दक्षिणेच्या किंवा पश्चिमेच्या बाजूचा, कारण पाऊस तिकडून झोडपतो. वासे आणि रिपा जुन्या आहेत की बदलल्या? बदलल्या असतील तर कुठल्या लाकडाच्या? लाकडावर पाण्याचे काळे ओघळ आहेत का, वाळवीची मातीची रेघ आहे का, खाली भुसा सांडलाय का? कौलांच्या फटीतून दिवस दिसतो का? खांबांचंही तसंच. नवं पॉलिश सगळं लपवतं. खांबाच्या पायथ्याशी, जमिनीपासून वीतभर उंचीपर्यंत, स्क्रू-ड्रायव्हरचं टोक हलकेच दाबून पाहा. चांगल्या सागात ते रुतत नाही.

ही पाहणी तुम्ही स्वतः करा आणि शिवाय वारसा-इमारतींच्या संवर्धनाचं काम करणारा वास्तुविशारद सोबत न्या. फ्लॅटची रचना पाहणारा स्ट्रक्चरल इंजिनिअर इथे पुरणार नाही. तो बहुधा आरसीसीच्या, म्हणजे लोखंडी सळ्या आणि काँक्रीटच्या बांधकामाच्या, नजरेने पाहील आणि लोखंडी गर्डर घाला म्हणेल. संवर्धन-वास्तुविशारदाची एका दिवसाची फी तुमच्या विसाराच्या रकमेपुढे काहीच नाही.

घराच्या वयाबद्दल थोडं. 1880 असेल किंवा नसेलही. दलाल सांगतात म्हणून धरून चालू नका आणि खोटं निघालं तर फार वाईटही वाटून घेऊ नका. ठाणे जिल्ह्याच्या 1882 च्या गॅझेटिअरमध्ये माथेरानवर मोठं प्रकरण आहे, कारण तेव्हा माथेरान ठाणे जिल्ह्यात होतं. ते चाळा, बंगल्याचं जुनं नाव कुठे सापडतं का पाहा. माथेरानची नगरपालिका 1905 ची, तिथे घरपट्टीची जुनी दप्तरं असतील तर विचारा. छपरावरची एक-दोन कौलं उलटी करून त्यांवरचा छाप वाचा. बासेल मिशन या मिशनरी संस्थेने मंगळूरला कौलांचा कारखाना 1865 साली काढला आणि त्यानंतर तशी कौलं पश्चिम किनाऱ्यावर सगळीकडे गेली. नक्षीच्या सिमेंट टाइल्स मात्र बहुतेक नंतरच्या असणार. आपल्याकडे त्या बनवणारा भारत टाइल्सचा कारखाना निघाला तोच 1922 मध्ये. म्हणजे कुणीतरी मधल्या पिढीने हौसेने फरशी बदलली असेल. असे थर असलेलं घर मला जास्त आवडतं, पण 'मूळ 1880 ची फरशी' म्हणून कुणी जादा पैसे मागितले तर देऊ नका.

आता जमीन. 'सगळ्यांचंच तसं असतं' हे वाक्य अर्धं खरं आहे. माथेरानच्या बऱ्याच बंगल्यांच्या जागा सरकारने भाडेपट्ट्याने दिलेल्या आहेत आणि लोक तिथे पिढ्यान् पिढ्या सुखाने राहतात. पण पट्टा असणं आणि पट्टा नीट असणं यात फार अंतर आहे. मूळ पट्ट्याची प्रत हातात घ्या आणि वाचा. पट्टा कुणाच्या नावावर आहे? आजोबांच्याच असेल, तर या तिघा भावंडांची नावं वारस म्हणून चढलेली आहेत का? मुदत कधी संपते? संपून गेली असेल तर नूतनीकरणाचा आदेश आहे, की नुसता अर्ज पडून आहे? भुईभाडं भरलंय का? आणि जागा कशासाठी दिली आहे, राहण्यासाठी की व्यवसायासाठी?

अशी जागा दुसऱ्याच्या नावावर करायची तर पट्ट्याच्या अटींनुसार बहुधा आधी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. ती न घेता व्यवहार केला तर तो शर्तभंग ठरतो आणि त्याची नोटीस त्या वेळी ज्याच्या ताब्यात घर असेल त्याच्या दारावर चिकटते, म्हणजे तुमच्या. परवानगी देताना वाढलेल्या किमतीतला वाटा सरकार मागू शकतं. तो कुणी भरायचा हे करारात स्पष्ट लिहिलेलं हवं आणि माझ्या मते तो विकणाऱ्यांनी भरायचा. माथेरानला अधीक्षकांचं कार्यालय आहे, तिथे आणि अलिबागला जिल्हाधिकारी कार्यालयात वकिलाला पाठवा. कर्जतच्या दुय्यम निबंधकांकडे तीस वर्षांच्या नोंदींचा शोध घ्यायला लावा आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या. हे सगळं व्हायला दोन-तीन महिने जातात. म्हणजे पाडव्याचा मुहूर्त तसाही साधणार नव्हता.

तुमच्या यजमानांचा दोन खोल्या पर्यटकांना देण्याचा बेतही इथेच अडतो. पट्टा राहण्यासाठी असेल तर परवानगीशिवाय तसं करणं हाही शर्तभंग होऊ शकतो. घराच्या उत्पन्नावर घराची देखभाल करायची असं गणित मांडलं असेल, तर ते परवानगी हातात येईपर्यंत शून्य धरा.

शिवाय फेब्रुवारी 2003 पासून माथेरान आणि भोवतालचा परिसर केंद्र सरकारने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केलेला आहे. बांधकाम, झाडतोड, जमिनीचा वापर बदलणं, सगळ्यावर बंधनं आहेत आणि ती असायलाच हवीत; त्यांच्यामुळेच तो डोंगर अजून डोंगर राहिला आहे. तिथल्या अनधिकृत बांधकामांची प्रकरणं राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापर्यंत गेलेली आहेत. म्हणून विचारायचं, की ती तीन नवी न्हाणीघरं जुन्या भिंतींच्या आत बसवली आहेत की मागे वाढवून काढली आहेत? वाढवली असतील तर नगरपरिषदेची परवानगी दाखवा म्हणावं. सांडपाणी कुठे जातं, शोषखड्डा कुठे आहे, तो विहिरीपासून किंवा ओढ्यापासून किती लांब आहे? दुरुस्तीला परवानगी घेतली होती का? घराचं नाव वारसा यादीत आहे का? यादीत असेल तर पुढे काहीही बदलताना तुम्हाला परवानगी लागेल, हेही समजून घ्या. मी तुमच्या जागी असते तर त्याचा आनंदच मानला असता, पण तुमच्या यजमानांना व्हरांडा बंद करून काचा लावायच्या असतील तर ते आत्ताच कळलेलं बरं.

व्यवहारातली एक गोष्ट थोडक्यात. बहीण परदेशात आहे. ती करविषयक दृष्टीने अनिवासी असेल तर तिच्या हिश्श्यावर कापायचा कर वेगळा आणि जास्त असतो. इतरांसाठी, व्यवहार पन्नास लाखांचा किंवा वरचा असेल तर, एक टक्का. कर कापून भरण्याची जबाबदारी घेणाऱ्याची, म्हणजे तुमची. तिच्या वतीने भाऊ सही करणार असेल तर कुलमुखत्यारपत्र तिथे रीतसर प्रमाणित होऊन इथे मुद्रांकित झालेलं हवं. चार्टर्ड अकाउंटंटला आधी भेटा, नंतर नको. आणि खरेदीखत दोघांच्या नावे करा, तुमचं नाव पहिलं असलं तर उत्तम.

राखणदारांबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिली आहे, माझ्या मते ती पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ आहे. जे कुटुंब मागच्या खोलीत वर्षानुवर्षं राहतंय, त्यांचं काय ठरलं आहे? मालक म्हणतील 'ते जातील'. कुठे जातील? कायद्याने त्यांचा त्या खोलीवर काही हक्क निर्माण झाला आहे का, हे वकील सांगेल. त्यांना पगार मिळत होता की भाडं घेतलं जात होतं, यावर ते बरंच ठरतं. पण कायद्याच्या आधी माणुसकी आहे. घर बंद होतं तेव्हा पावसाच्या रात्री कौलं सारखी करायला तेच चढले असतील. भावंडांनी त्यांच्याशी आधी बोलावं, त्यांचं देणं द्यावं आणि जे ठरेल ते लेखी व्हावं, तुमच्या करारात त्याचा उल्लेख असावा. आणि त्यांना राहायचं असेल, तर त्यांना ठेवा. रीतसर पगारावर, कागद करून. तुम्ही दोघं साठीची. त्या डोंगरावर ज्याला पन्हळ कुठे तुंबते, सुतार कोण चांगला, सापाला कुणाला बोलवायचं हे माहीत आहे, असं माणूस तुम्हाला शोधून सापडणार नाही. आत्ता जाऊन त्यांच्याबरोबर बसा. मालक आणि दलाल नसताना. मागच्या पावसाळ्यात कुठल्या खोलीत पाणी आलं, एवढंच विचारा.

आता तुमचे गुडघे. पत्रात ते अगदी शेवटी, ओशाळल्यासारखे आले आहेत. ते पहिल्या ओळीत यायला हवे होते. माथेरानात खासगी मोटारी गावाबाहेर दस्तुरी नाक्याला थांबतात. तिथून पुढे चालायचं, घोडा करायचा, नाक्याजवळच्या अमन लॉज स्थानकावरून माथेरानची शटल गाडी पकडायची किंवा 2022 च्या अखेरीपासून सुरू झालेली ई-रिक्षा मिळाली तर घ्यायची. हातरिक्षा बंद करा असं सर्वोच्च न्यायालयाने 2025 मध्ये सांगितलं, आणि ते योग्यच होतं. रुग्णवाहिका वर येते, पण मोठं रुग्णालय खाली. नेरळहून अमन लॉजपर्यंतची गाडी पावसाळ्यात बंद असते. सिलिंडर, किराणा, सिमेंटची गोणी, सगळं घोड्यावरून किंवा हातगाडीवरून वर येतं, म्हणून गवंड्याची मजुरी धरून सगळ्याच गोष्टी ठाण्यापेक्षा महाग. बंगला बाजारापासून किती लांब आहे, वाट चढाची आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. जुलैच्या धुक्यात, शेवाळलेल्या लाल वाटेवरून, हातात भाजीची पिशवी घेऊन तुम्हाला ते अंतर चालता येतंय का, हे जूनमध्ये तिथे राहिल्याशिवाय कसं कळणार? यजमानांनी माथेरान पाहिलंय ते उन्हाळ्याच्या सुट्टीतलं आणि दिवाळीनंतरचं. आठ-नऊ महिने राहायचं म्हणजे पावसाळ्याचा निदान काही भाग आलाच.

यजमानांशी बोलताना धोक्यांची यादी वाचून दाखवू नका. ते घरावर प्रेम करताहेत आणि प्रेमात असलेल्या माणसाला धोके ऐकू येत नाहीत. त्यांना कामं द्या. बँकेत आयुष्य काढलंय, म्हणजे कागद वाचण्यात त्यांचा हातखंडा असणार. पट्ट्याची प्रत, वारसनोंदी, परवानग्या, बिलं, ही फाइल त्यांनी करावी. एखाद्या गिऱ्हाइकाला आपण एवढ्याच कागदांवर कर्ज दिलं असतं का, असा प्रश्न त्यांना आपोआप पडेल आणि तो त्यांचा स्वतःचा असेल. भिंती, छप्पर आणि राखणदारांचं कुटुंब तुम्ही पाहा. तुम्हाला 'प्रत्येक गोष्टीत धोका दिसतो' असं ते म्हणतात. मला तुमच्या पत्रात घर नीट पाहिलेली बाई दिसते. फॉल्स सीलिंग, तीन महिने, मागची खोली, पट्टा, सगळं तुमच्या नजरेने टिपलेलं आहे.

ठाण्याचा फ्लॅट आत्ता विकू नका. विकायचाच झाला तर दसऱ्यानंतर, आणि बंगल्याच्या किमतीत सगळी रक्कम ओतू नका. अशा घराला दरवर्षी काम लागतं. मे महिन्यात कौलं चाळायची, पन्हळी साफ करायच्या, पावसाच्या बाजूला ताडपत्री किंवा पत्रे बांधायचे, ऑक्टोबरमध्ये ते उतरवायचे, दर काही वर्षांनी चुन्याचा हात द्यायचा, वाळवीवर लक्ष ठेवायचं. जीर्णोद्धार झालेलं घर म्हणून यातलं काहीच चुकत नाही. पाच वर्षांच्या देखभालीची रक्कम बाजूला काढल्यावर उरेल तेवढीच तुमची खरी ऐपत समजा. आणि मुलाला विचारा, की आमच्यानंतर तू याचं काय करशील? त्याचं उत्तर 'विकून टाकीन' असलं तरी हरकत नाही, पण ते तुम्हाला आज माहीत हवं.

सगळं नीट निघालं, भिंती चुन्याच्या असल्या, पट्टा चोख असला, पावसाळा तुमच्या अंगाला मानवला, तर घ्या. घासाघीस जरूर करा, पण ज्यांनी मनापासून काम केलं आहे त्यांचा तळतळाट होईल इतकी नको. भिंती सिमेंटच्या निघाल्या तरी घर लगेच बाद करू नका. तो गिलावा काढून पुन्हा चुना करता येतो. संवर्धन-वास्तुविशारदाकडून त्याचा अंदाज घ्या आणि तेवढी रक्कम किमतीतून कमी करायला सांगा. पट्टा गोत्यात असेल किंवा छपराच्या तुळया गेलेल्या असतील तर मात्र मागे फिरा, मग घर कितीही लाडकं असो.

दुसरं गिऱ्हाईक आलं आणि घेऊन गेलं, तर जाऊ द्या. माथेरान, पाचगणी, महाबळेश्वर, आणि अलिबागकडच्या जुन्या वाड्यांपर्यंत, अशी घरं दरवर्षी विकायला निघतात.

मालकांना या आठवड्यात एक साधं पत्र पाठवा, दलालामार्फत नको, थेट. त्यात एवढंच लिहा: 'आपलं घर आम्हाला फार आवडलं आहे आणि ते घेण्याची आमची इच्छा आहे. निर्णयाआधी जून ते सप्टेंबर आम्ही तिथे भाड्याने राहू इच्छितो. भाडेपट्ट्याची, वारसनोंदींची, दुरुस्तीच्या परवानगीची आणि बिलांची प्रत मिळावी. आमचे वास्तुविशारद दोन ठिकाणी छताचे तक्ते काढून पाहतील, ते पूर्ववत करून देऊ. मागच्या खोलीतल्या कुटुंबाबद्दल आपण काय ठरवलं आहे, ते लेखी कळवावं.' खाली दोघांच्याही सह्या करा. त्यांचं उत्तर आलं की ते आणि पट्ट्याची प्रत मला पाठवा, मी वाचून कळवते.